म्हशीची पुढची चाकं

आमच्या गाडीचं नाव म्हैस. ते आईने ठेवलं, आणि कौतुकाने ठेवलं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. एका शनिवारी सकाळी बाबांनी ती ट्रेलरवर लादून आयर्लंडमधल्या नावन गावी आमच्या कॉलनीत आणली, तेव्हा आई नुकतीच इस्पितळातून ड्यूटी संपवून आली होती आणि चहाचा कप घेऊन दारात उभी होती. काळीकुळकुळीत, लांबलचक, दोनच दारांची, जुनी अमेरिकन गाडी. साधारण बाबांच्याच वयाची. नाक इतकं लांब की दारात लावली तर शेपूट फुटपाथवर. आईने एक घोट घेतला आणि विचारलं, "अहो, ही म्हैस बांधणार कुठे?" बस, नाव पडलं. बाबांनी पुढे तिचं खरं नाव, मॉडेल, इंजिनाचे आठ सिलिंडर वगैरे सगळ्यांना समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण शेवटी तेही फोनवर "म्हशीचं तेल बदलायचंय" असंच म्हणायला लागले.

या गाडीचं वेड त्यांना वर्ध्याला लागलं होतं. आजोबांचं तिथे टायर-पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानात एक कॅलेंडर होतं, त्यावर अशाच गाडीचं चित्र. वर्ष संपलं, कॅलेंडर जुनं झालं, चित्र मात्र भिंतीवरून कुणी काढलं नाही. बाबा शिकले, पुण्याला गेले, आईशी लग्न केलं, आयर्लंडला आले, सिटीवेस्टच्या एका कंपनीत संगणकापुढे बसले, रोज जाऊन-येऊन अडीच तास एका राखाडी, समंजस, छोट्या गाडीतून प्रवास करत राहिले. आणि मग आमच्याच मीथ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली त्यांना हे चित्र सापडलं. शेतकरी वारला होता, त्याच्या बायकोला शेड रिकामी करायची होती. माणूस इतका शहाणा असून असा कसा वेडा होतो, असं आई तेव्हा म्हणायची. मला आता वाटतं, ज्याच्याकडे असं एखादं चित्र नाही त्याच्याबद्दलच काळजी करावी.

त्या वर्षी आजी वर्ध्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. माझ्या आठवणीत त्या घराचे आवाज म्हणजे आजीची वऱ्हाडी, आईची पुणेरी आणि धुराचा अलार्म. आजीने फोडणी टाकली की छतावरचा अलार्म ठणाणा करायचा आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याने खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचा, असा नियमच झाला होता. पहिल्या दिवशी आजीने विचारलं, "हे काहून बोंबलते?" बाबा म्हणाले, "आग लागली तर सांगते ते." आजी म्हणाली, "मंग आग लागल्यावर सांगाव ना, जेवण होऊन राह्यलं तं काहून सांगते?" वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एक उबदार कपाट होतं. तिथे सगळे लोक टॉवेल ठेवतात. आजीने टॉवेल काढले आणि विरजण ठेवलं, आणि आमच्या घरी पहिल्यांदाच चमच्याने कापता येईल असं दही लागलं. मी तेव्हा घरात सगळ्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. आजीशी ते चालेना, कारण ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, म्हणून माझी मराठी त्या तीन महिन्यांत सुधारली. म्हणजे वऱ्हाडी सुधारली. आई हताश झाली.

मी सोळा वर्षांची होते. इथल्या शाळेत त्या वयाला एक गमतीचं वर्ष असतं, परीक्षा नसलेलं. त्या वर्षी मुलांनी बाहेर जाऊन चार ठिकाणी काम करून बघायचं. आईने तिच्या इस्पितळात माझी दोन आठवड्यांची सोय करून ठेवली होती. मी गेले डोनलच्या गॅरेजमध्ये. डोनल म्हणजे साठीचा, वाळलेला, बोटांना कायमचं काळं लागलेला माणूस, आणि कसं काय आहे असं विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं: "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत झकास. ब्रेक गेले, ग्रँड. पाऊस आला, ग्रँड. त्याच्या मेहुण्याचं ऑपरेशन, ग्रँड. त्यामुळे कुठली गोष्ट खरंच ठीक आहे हे त्याच्या तोंडावरून कळायचं नाही, त्याच्या हातांकडे बघावं लागायचं. मी दोन आठवडे बघितलं आणि ते संपल्यावरही शनिवारी जातच राहिले.

पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म तेव्हा आमच्या फ्रिजवर लटकत होता. बायॉलॉजी आणि इंजिनिअरिंग एकाच रकान्यात होते. एक घ्या, एक सोडा. मी इंजिनिअरिंगवर खूण केली होती. खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं. आई म्हणायची, "इंजिनिअरिंगला कोण नको म्हणतंय, फक्त बायॉलॉजी सोडू नकोस," म्हणजे नकोच म्हणायची. बाबा दूध काढायला फ्रिज उघडायचे, फॉर्म वाचायचे, दूध घेऊन जायचे. बाबांचा स्वभाव असा की जगातल्या सगळ्यांचं मत घ्यायचं, फक्त घरातल्या माणसांचं नाही. मला त्या फॉर्मवर त्यांची सही हवी होती. आजवर मला पुष्कळ गोष्टी हव्याशा वाटल्या, पण एवढं जीव तोडून काही हवं असल्याचं फारसं आठवत नाही.

म्हशीचं तोवर बरंच काम झालं होतं. इंजिन चालू व्हायचं आणि शेजारच्यांच्या खिडक्या थरथरायच्या. मागची चाकं चांगली रुंद आणि जवळजवळ नवी होती. पुढच्या टायरांना मात्र वयाने भेगा पडल्या होत्या, ते बदलायलाच हवे होते. आणि इथे बाबांचं कॅलेंडर आडवं आलं. चित्रातल्या गाडीची पुढची चाकं जाडजूड होती, म्हणून त्यांना दोनशे पंचवीसचा टायर हवा होता. दोनशे पंचवीस म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेडमधून आलेल्या कागदांत त्या शेतकऱ्याने पेन्सिलीने दोनशे पंधरा लिहून ठेवलं होतं. फरक दहा मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीएवढासुद्धा नाही. पण पुढचं चाक वळतं. मागचं चाक बिचारं सरळ चालतं, त्याला फक्त जागा लागते. पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे कान हलवतं आणि जास्त रुंद असलं तर मडगार्डच्या पत्र्याला आतून घासतं. बाबांनी सिटीवेस्टमधल्या सहकाऱ्यांना विचारलं, इंटरनेटवर अमेरिकेतल्या अनोळखी लोकांना विचारलं, नागपूरच्या चुलतभावाला विचारलं, ज्याच्याकडे फक्त स्कूटर होती. सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं.

शेवटी एका रविवारी पोहे खाताना मीच म्हटलं, "मी मोजून सांगते." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोह्यातला दाणाच बोलायला लागला की काय. मग ते हसले आणि म्हणाले, "सांग. आजी जायच्या आधी तिला म्हशीतून समुद्रावर न्यायचंय. पुढचं चाक तू ठरव. जाऊन-येऊन कुठे घासलं नाही, तर त्या फॉर्मवर सही करतो." आई म्हणाली, "अहो, मुलीचं आयुष्य टायरवर लावता?" बाबा म्हणाले, "माझं टायरवरच गेलं." आजीला हे उत्तर फार आवडलं. तिचं विमान पुढच्या मंगळवारचं होतं.

जागा मोजायची युक्ती डोनलने शिकवली. मातीचा गोळा पत्र्याला आतून चिकटवायचा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचं आणि गोळा किती दबला ते बघायचं. जेवढा जाड राहिला तेवढी जागा. "निदान बोटभर राहायला हवा," डोनल म्हणाला, आणि त्याने मला जुना, झिजलेला दोनशे पंचवीसचा एक टायर चाकावर चढवून उसना दिला. घरी मला माती सापडेना. ओट्यावर कणीक मळून झाकून ठेवलेली होती. मी चार गोळे उचलले, टायरला चिकटू नयेत म्हणून पोळीला लावतो तसं वरून कोरडं पीठ लावलं आणि म्हशीला बसवले. बुधवारची संध्याकाळ होती. चाक चढवून मी स्टिअरिंग गरागरा फिरवलं. त्या गाडीत ते फिरवायला खांद्यात ताकद लागायची, मला वाटतं माझे खांदे तेव्हापासूनच असे आहेत. खाली वाकून गोळे काढले. पत्र्याला चाक लागलं नव्हतं. पण गोळे बोटभर काय, पोळीएवढेही जाड नव्हते.

तेवढ्यात राखाडी गाडी दारात आली. बाबा टाय सैल करत उतरले आणि त्यांनी लांबूनच विचारलं, "काय गं मुक्ता, बसतंय का दोनशे पंचवीस?" त्यांच्या चेहऱ्यावर सगळं वर्धा होतं. मी म्हटलं, "बसतंय." खोटं नव्हतं, बसत होतं. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या डोनलला फोन लावला, टायर मागवायला सांगितले आणि मला म्हणाले, "सही पक्की समज." मी गोळे बशीत घालून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, गुळाच्या डब्यामागे ढकलून दिले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी इतकी मूर्ख की टाकून द्यायचे सोडून लपवले, आणि लपवले ते गुळामागे, जिथे आजीचा हात दिवसातून चारदा जायचा.

गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा बशी टेबलावर होती आणि आजी समोर बसली होती. "काहून वं पोट्टे, हे काय लपवून ठेवलं?" मी सांगितलं. तिने एक गोळा उचलला, अंगठा आणि तर्जनीत धरला आणि डोळे मिटले. दुकानात आजोबा जेवायला गेले की गल्ल्यावर ती बसायची. टायर हाताने चाचपून कुठे फसवलंय ते सांगायची असं बाबा सांगत, पण मला ती नुसती कौतुकाची गोष्ट वाटायची. "हे तं पापड हाये," ती म्हणाली. "गाडी रिकामी होती का भरेल?"

"रिकामी."

"मंग? गाडी काय रिकामी चालवाले घेतली तुह्या बापानं? माणसं बसली का गाडी खाली बसते. हा पापडही राहणार नाई." मग तिने मला वरातीच्या जीपची गोष्ट सांगितली. हौसेने मोठे टायर घातलेली जीप आजोबा नको म्हणत असतानाही अकरा माणसं भरून निघाली, पुढचा टायर मडगार्डला घासून घासून कापला आणि वळणावर फुटला. कुणी दगावलं नाही. "नवरदेव बाभयीत सापडला. मुंडावळ्या तशाच. काटे काढता काढता मुहूर्त गेला," आजी म्हणाली आणि हसली, आणि मग हसायची थांबली. "तुह्ये आजोबा आठ दिवस जेवले नाई बराबर. म्हने मी जोरानं सांगाले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, "आजी, तूच सांग ना बाबांना." ती गुळाचा खडा फोडत म्हणाली, "माप कोनं घेतलं? मंग ज्यानं घेतलं त्यानंच सांगाव."

बाबा आले. मी पानं घेतली, पाणी ठेवलं, उगाच मीठ दोनदा ठेवलं. सांगितलं तर चाक जाणार, चाक गेलं की शब्द गेला, शब्द गेला की सही गेली. आजीने झुणक्याला फोडणी टाकली आणि अलार्म सुरू झाला. बाबा टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. मला वाटलं, या गोंगाटात सांगून टाकावं, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि ऐकू गेल्यासारखं होणार नाही. मी तोंड उघडलं, "बाबा, दोनशे पंचवीस बसत नाही," आणि नेमका त्याच क्षणी अलार्म बंद पडला, आणि उरलेलं वाक्य शांत स्वयंपाकघरात सगळ्यांना लख्ख ऐकू गेलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

बाबा खुर्चीवरच उभे राहिले, हातात टॉवेल. "किती जागा होती?"

"पापडाएवढी."

"डोनल किती म्हणाला होता?"

"बोटभर. आणि गाडी रिकामी होती."

ते खाली उतरले. त्यांनी टॉवेलची घडी घातली, डोनलला फोन करून टायर थांबवायला सांगितले. डोनल काय म्हणाला असेल ते सांगायला नको. "गज्या, जेव पहिले," आजी म्हणाली. बाबा जेवायला बसले आणि त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. मला रडू येत होतं आणि झुणका तिखट होता, त्यामुळे ते कुणाला वेगळं कळलं नाही. सकाळी फ्रिजवर नुसतं मॅग्नेट होतं. फॉर्म नव्हता. विचारायला तोंड कुठे होतं.

शनिवारी म्हशीला डोनलच्या गॅरेजमध्ये नेलं आणि माप नव्याने घेतलं. कणीक या खेपेला आजीने स्वतः मळली, घट्ट, "सैल कणकेचं माप खोटं येते" म्हणून. गाडीत आजी, आई, मागे डोनल आणि डोनलच्या मांडीवर बासमतीची वीस किलोची पिशवी. आई कुरकुरत बसली, पण बसली. मी खाली, बाबा स्टिअरिंगवर. दोनशे पंचवीसने गोळा पार कापून काढला आणि पत्र्यावर काळी रेघ उमटली. बाबा उतरून आले, वाकले, त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं. मग दोनशे पंधरा चढवला. गोळा निघाला तो आजीच्या बोटाएवढा जाड. डोनलने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "हे ठीक आहे." कसं झालंय हे सांगताना त्या माणसाच्या तोंडून ग्रँड सोडून दुसरा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नवे दोनशे पंधराचे टायर त्याच्याकडे होतेच. बाबा चार पावलं मागे जाऊन बघत म्हणाले, "म्हशीला बकरीचे पाय." पण चिडून नाही म्हणाले.

रविवारी आम्ही निघालो. गाडी अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे, आणि इथे जिथे ड्रायव्हर असतो त्या उजव्या बाजूला आजी, हिरवं नऊवारी, वर माझं जाकीट. गावाकडच्या रस्त्यांवर इथे समोरून येणारा गाडीवाला ओळख असो-नसो, स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करतो. त्यांना दिसायची ती एकटी आजी, आणि आजी प्रत्येकाला दोन्ही हात जोडून नमस्कार करायची. स्टिअरिंगला हात न लावता गाडी हाकणारी ही म्हातारी मीथमधल्या किती लोकांनी पाहिली असेल कोण जाणे. एक ट्रॅक्टरवाला तर थांबून मागे वळून बघत राहिला. प्रत्येक मोठ्या वळणावर बाबा काच खाली करायचे, आम्ही सगळे गप्प व्हायचो आणि चाकाचा आवाज ऐकायचो. काही नाही. समुद्रावर वारा होता. आम्ही गाडीतच बसून गोळाभात खाल्ला, वरून फोडणीचं तेल, आणि आईने दोनदा घेतला. "सीटं बाकी आरामशीर आहेत हं," ती म्हणाली. म्हशीबद्दल तिने काढलेले ते पहिले चांगले शब्द.

परत येताना, कॉलनी दिसायला लागली तेव्हा, आजीने चष्मा ठेवायला समोरचा कप्पा उघडला. "गज्या, हा कागद कायचा हाये?"

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिचा आहे. दे तिला."

आजीने तो मागे माझ्या हातात दिला. फॉर्म होता. चार घड्या घातलेला. इंजिनिअरिंगवरची माझी खूण तशीच, आणि खाली बाबांची सही. आई शेजारी होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीही केलीये, खाली बघ." बाबा कधीच सहीखाली तारीख टाकल्याशिवाय कागद हातावेगळा करत नसत. ती तारीख मी वाचली, बोटांवर दिवस मोजले, आणि परत वाचली. रविवारची नव्हती. शनिवारची, बोटभर गोळा निघाला त्या दिवसाचीही नव्हती. गुरुवारची होती.

माझं वय आता आजीच्या तेव्हाच्या वयाकडे झुकलंय. आयुष्यभर गाड्यांच्या चाकांशी आणि ब्रेकशी झटापट केली, कितीतरी कागदांवर माझ्या सह्या झाल्या, आणि तारखेशिवाय मीही एक सोडला नाही. तेव्हा मात्र मला इतकंच सुचलं, "बाबा, अजून घर यायचंय. आपल्या दारातलं वळण सगळ्यात वाईट आहे. तिथे घासलं तर?"

"घासलं तर तू सांगशील," बाबा म्हणाले, आणि त्यांनी काच खाली करून स्टिअरिंग पूर्ण वळवलं.